हळदीची कढई आणि उष्णतेचा हिशेब

शेतीला लागणारी शक्ती म्हटली की आपल्याला बैल, ट्रॅक्टर, विजेचा पंप आठवतो. पण आपल्या वसमतच्या हळदीला काढणीनंतर चूलही लागते. कंद शिजल्याशिवाय रंग सारखा भिनत नाही, वाळवणही लांबते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी उष्णता पुरते. त्याची वाफ व्हायला मात्र आणखी सुमारे ५४० खर्च होतात. उघड्या कढईवरची वाफ म्हणजे आभाळात जाणारे आपले सरपणच! बंद कुकरात सोडलेली वाफ कंदांवर निवते आणि तीच उष्णता त्यांना परत देते. पीक तेवढेच, जळण कमी. ही बचतसुद्धा उत्पन्नच नव्हे काय?