जंतांचं पंचांग

शाळेत जंताची गोळी मिळाली म्हणता? अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम, चघळून खायची. 2015 पासून जंतनाशक दिन पाळतात, फेब्रुवारीत एकदा आणि पुन्हा ऑगस्टात. आणि तुमच्यातल्या कुणीतरी ती न खाता दप्तरातून घरी आणली, आपल्या कुत्र्याच्या पिल्लाला, मोतीला द्यायला म्हणून. कुणी ते विचारत नाही. मनात माया आहे हे कळलं. पण मोतीला ती द्यायची नाही. का, ते सांगतो, फक्त जरा लांबून सांगावं लागेल.

एमआयडीसीच्या गेटाजवळच्या चहाच्या टपरीवरून त्याला उचलून आणलंत तेव्हा तो जेमतेम महिन्याचा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि पोट मात्र नगारा. ‘आबा, बघा कसा गुटगुटीत आहे!’ म्हणून नाचत होतात. पोरांनो, ते बाळसं नव्हतं. आत जंत होते. आता तुम्ही म्हणाल, महिन्याच्या पिल्लाने अशी माती खाल्ली तरी किती? खरी गंमत इथेच आहे. मोती जन्मायच्या आधीपासून जंत त्याच्या अंगात होते.

त्याच्या आईने कधीतरी मातीतून गोलकृमीची अंडी गिळली. पोटात अंडी फुटून बारीक अळ्या निघाल्या. वाढलेल्या कुत्रीच्या आतड्यात यातल्या बऱ्याच अळ्या थांबतच नाहीत. त्या तिच्या स्नायूंमध्ये शिरतात आणि झोपतात. दिवस नव्हे, महिनोन् महिने. शी तपासली तर काही सापडणार नाही, नेहमीची गोळी दिली तर त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. कुत्री गाभण राहिली, साधारण सहा आठवडे झाले, की तिच्या रक्तातल्या बदलांची चाहूल या अळ्यांना लागते आणि त्या जाग्या होतात. वारेतून थेट पिल्लांच्या यकृतात. कुत्रीचे दिवस नऊ आठवड्यांचे. म्हणजे डोळे उघडायच्या कितीतरी आधी पिल्लाला पाहुणे आलेले असतात. काही मागाहून दुधातूनही येतात. मांजराचा गोलकृमी जरा सबुरीचा, तो पोटातल्या पिल्लांकडे जात नाही, दुधाची वाट पाहतो.

आपला चाकणचा संग्रामदुर्ग आठवा. 1660 साली शाइस्तेखान एवढी फौज घेऊन आला, पण फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासच्या वर दिवस किल्ला लढवला. तटावरून शत्रू आत येऊ शकला नाही. मग त्याने जमिनीखालून भुयार खणलं आणि बुरूजच सुरुंगाने उडवला. पिल्लाला तुम्ही पांढऱ्या फरशीवर ठेवा, उकळलेलं पाणी पाजा; हा शत्रू तटावरून येणाऱ्यातला नाहीच.

जन्मानंतर अळी यकृतातून फुफ्फुसात जाते. तिथून श्वासनळीने घशात चढते, पिल्लू खोकतं, ती गिळली जाते आणि आतड्यात पोचते. आतड्यातच मुक्काम करायचा, तर एवढा फेरा कशाला? मलाही वाटायचं, काहीतरीच सांगतात हे लोक. पण 1922 साली जपानमध्ये कोइनो नावाच्या डॉक्टरने माणसाच्या गोलकृमीची दोन हजार अंडी स्वतः गिळली. काही दिवसांनी न्यूमोनियासारखा आजारी पडला, आणि स्वतःच्याच थुंकीत त्याला अळ्या सापडल्या. फुफ्फुसाची वाट खरी निघाली. तुम्ही असलं काही करायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

तीन आठवड्यांत पिल्लाच्या आतड्यात हे जंत मोठे होतात आणि अंडी घालू लागतात. एक मादी दिवसाला लाखभर अंडी सहज घालते. मात्र ताज्या शीतलं अंडं निरुपद्रवी असतं. त्याच्यात अळी तयार व्हायला मातीत दोन-तीन आठवडे तरी लागतात. म्हणून सोसायटीतल्या कुणी कुत्रं फिरवताना हातात पिशवी धरली तर हसू नका, तो माणूस तुमच्यावर उपकार करतोय. रोजची शी रोज उचलली तर अंड्याला वेळच मिळत नाही. एकदा का अंडी मातीत मुरली, की चिवट कवचाच्या जोरावर वर्षानुवर्षं टिकतात. माणसाच्या पोटात गेली तर अळी बाहेर येते, पण तिला घर सापडत नाही. यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यात भटकते, आणि डोळ्यात गेली तर नजरेवर बेतू शकतं. मातीत खेळून आल्यावर हात धुवा म्हणून आजी ओरडते ते उगाच नाही.

दुसरा पाहुणा अंकुशकृमी. लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास, पण तोंडात दातांच्या तीन जोड्या. आतड्याला चावून रक्त पितो, जागा बदलतो, मागची जखम वाहतच राहते. पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असाव्यात. पांढरट दिसल्या आणि शी काळी, डांबरट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. हा तोंडातूनच येतो असं नाही, कातडीतूनही घुसतो. हे कळलं तेही अपघाताने. कैरोत आर्थर लूस नावाचा जर्मन संशोधक माणसाच्या अंकुशकृमींवर काम करत होता. एकोणिसावं शतक सरत आलेलं. अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर सांडला, तिथे खाज सुटली, त्वचा लाल झाली. पुढे काही काळाने त्याच्याच शीत अंकुशकृमीची अंडी निघाली! कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी आपल्या कातडीखाली नागमोडी लाल रेघ उमटवत फिरते. पावसाळ्यात ओल्या मातीत अनवाणी हुंदडता ना, तेव्हा.

तिसऱ्याला तुम्ही पाहिलंय. मोतीच्या शेपटीखालच्या केसांत भाताच्या शितासारखं काहीतरी वळवळत होतं. तो पट्टकृमीचा एक तुकडा, अंड्यांनी भरलेला. सुकला की पिवळट होऊन अंथरुणात पडतो. ही अंडी कुत्र्याने थेट खाल्ली तर काही होत नाही. ती पिसवेच्या पोटात जावी लागतात. मोठी पिसू तर रक्त पिणारी, तिच्या तोंडात अंडं मावतच नाही. पण तिची अळी गोधडीच्या धाग्यांत राहते आणि तिला चावायचे जबडे असतात. ती अंडं खाते, कोषात जाते, पिसू होऊन उडी मारते, आणि पट्टकृमी तिच्या आत बसलेला. कुत्रं खाजवताना पिसू चावून गिळतं, की याचं काम झालं. म्हणून पट्टकृमीची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर पैसे वाया. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात टाका.

आणखी एक पट्टकृमी आहे, अर्धा सेंटीमीटरचा, दिसायला क्षुल्लक. पण मला धाक वाटतो तो याचाच. कुत्र्याच्या पोटात हजारोंनी असला तरी कुत्रं ठणठणीत दिसतं. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात, फुफ्फुसात याचे पाण्याने भरलेले फोड होतात, तसेच माणसातही, आणि मोठा फोड ऑपरेशन करून काढावा लागतो. चाकणच्या शनिवारच्या बाजारात जनावरं येतात, गावोगावी मटणाची दुकानं आहेत. फोड आलेलं काळीज खाटकाने फेकलं आणि कुत्र्याने कच्चं खाल्लं, की चक्र पुरं. मोतीला मांस घालायचं तर शिजवून.

आता औषधं. आजी वावडिंग म्हणेल. तिच्या हातचं तुम्ही घ्या, मोतीवर प्रयोग नको. लसूण तर मुळीच नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. चाकण कांद्याचं गाव, आपल्या उरलेल्या भाजीत कांदा असतोच, तेव्हा ताट त्याच्यापुढे सरकवताना विचार करा. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचणारेही पाहिलेत मी. कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांच्या ते जिवावर उठतं. आणि तुमची शाळेची गोळी? ती तुमच्या शरीराच्या हिशोबाने बनवलेली. अल्बेंडाझोल कुत्र्या-मांजरांच्या अस्थिमज्जेला बाधल्याची उदाहरणं आहेत.

पिल्लांसाठी पायरँटेल, फेनबेंडाझोल अशी औषधं असतात, पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल. पण कुठलं आणि किती, ते पिल्लाचं वजन करून डॉक्टर ठरवतील. जंत दिसले की औषध, हा आपला हिशोब चुकीचा आहे. जंताचं पंचांग आपण पाहायचं. तो तीन आठवड्यांत अंडी घालतो, म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयाला. मग दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी. मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून. एकदा देऊन भागत नाही, कारण गोळी आतड्यातल्या जंतांना मारते. वाटेत, फुफ्फुसात असलेले दोन आठवड्यांनी पोचतात.

आणि मोतीची आई टपरीवरच आहे अजून. पिल्लांना चाटून साफ करताना त्यांच्या शीतल्या अळ्याही तिच्या पोटात जातात, म्हणून पिल्लांबरोबर तिलाही औषध हवं असतं. ती पुन्हा गाभण दिसली तर मला लगेच सांगा. चाळिसाव्या दिवसापासून व्यायल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत तिला रोज फेनबेंडाझोल दिलं, तर जाग्या झालेल्या अळ्या वाटेतच बऱ्याचशा मारता येतात. चहावाल्याला विचारून ठेवा, रोज बिस्किटाबरोबर देईल का. डॉक्टरांशी मी बोलतो.