शिरेतली जाळी आणि एमआरआय

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की मोठा धोका फुफ्फुसाला असतो. गुठळी सुटून रक्ताबरोबर वर गेली आणि तिथे अडकली तर जिवावर बेतते. यावर पहिला उपाय म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे. पण मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतेच मोठे ऑपरेशन झाले असेल तर ती देता येत नाहीत. अशा वेळी डॉक्टर मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी घालून पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी धातूची छोटी जाळी बसवतात. हाच ‘आयव्हीसी फिल्टर’.

पुढे कधी मणक्याचा किंवा मेंदूचा एमआरआय करायची वेळ येते आणि घरात काळजी सुरू होते : अब्बांच्या पोटात धातू आहे, मशीनमध्ये पाठवावे का?

काळजी बिनबुडाची नाही. १.५ टेस्लाच्या मशीनचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते आणि तपासणी चालू नसतानाही ते कायम असते. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला ३२ वर्षांचा एक नातेवाईक मशीनकडे खेचला गेला आणि मरण पावला.

मात्र सिलिंडर आणि फिल्टर यांत मोठा फरक आहे. १९७३ मध्ये आलेला ग्रीनफिल्ड फिल्टर स्टेनलेस स्टीलचा होता. पुढे टायटॅनियम आणि नायटिनॉलचे फिल्टर आले. चुंबक त्यांना ओढत नाही. काही जुन्या स्टीलच्या फिल्टरवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून पूर्वी सहा आठवडे थांबायला सांगत. तेवढ्यात जाळीचे आकडे शिरेच्या भिंतीत पक्के बसतात. आज बहुतेक फिल्टर ‘एमआर कंडिशनल’ असतात, म्हणजे ठरावीक अटी पाळून एमआरआय करता येतो. मशीन किती टेस्लाचे चालेल, तपासणी किती वेळ करावी, हे कंपनीने लिहून दिलेले असते. त्यामुळे केवळ भीतीने एमआरआय टाळू नये. निदान लांबले तर त्याचेही नुकसान असते.

अटी कळायला फिल्टरचे नाव आणि मॉडेल हवे. अडचण नेमकी इथेच येते. डोंबिवलीतल्या रुग्णाला फिल्टर बसतो मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात, कधी आखातात नोकरीवर असताना, आणि एमआरआय होतो घराजवळच्या सेंटरवर. तिथल्या तंत्रज्ञाला कागदाशिवाय काही कळत नाही. घरची मंडळीही कधी ‘स्टेंट’ सांगतात, कधी ‘स्प्रिंग’.

म्हणून एवढे करा :

• डिस्चार्ज पेपर आणि फिल्टरचे कार्ड किंवा स्टिकर जपून ठेवा. त्यांचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.

• एमआरआयची वेळ घेतानाच फिल्टरची माहिती द्या. फॉर्म भरताना अम्मी किंवा दादींना नीट आठवत नसेल तर सोबतच्याने सांगावे.

• कागद हरवले असतील तर फिल्टर बसवलेल्या रुग्णालयाकडून नोंद मागवा. एक्स-रेवरूनही रेडिओलॉजिस्टला फिल्टरचा प्रकार बऱ्याचदा ओळखता येतो. ‘चालेल की नाही’ हा निर्णय त्यांचाच.

• आत जाण्यापूर्वी धातूच्या डबीतला तावीज, अंगठी, हिजाबच्या पिना, किल्ल्या आणि मोबाईल बाहेर काढून ठेवा. सुरम्यात धातूचे कण असू शकतात. त्या दिवशी तो लावू नका. सोबत आत जाणाऱ्यालाही हेच नियम आहेत.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा : हा फिल्टर कायमचा आहे की काढायचा? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये डॉक्टरांना सूचना दिली होती, की काढता येणारा फिल्टर गरज संपल्यावर काढण्याचा विचार करावा. तो वर्षानुवर्षे आत राहिला तर तुटू किंवा सरकू शकतो. पाय बरा झाला की अनेक घरांत हा विषय विसरला जातो. आपल्या घरात कुणाला फिल्टर बसवलेला असेल तर आजच फाईल काढून त्याचे नाव आणि तारीख पाहून ठेवा.