पोत्याला सुतळी, खोक्याला काय?

धानाचं पोतं शिवायला आपल्या जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही. दाभण आणि सुतळी हातात दिली की घरातलं कोणीही तोंड शिवून मोकळं होतं. आधारभूत केंद्रावरचा ४० किलोचा कट्टा हमालाच्या पाठीवरून धाडकन खाली येतो, ट्रकमध्ये फेकला जातो, गोदामात थप्पीखाली दबतो, आणि तरी सहसा फुटत नाही. ताग दबतो, ताणतो, पुन्हा सावरतो. पण तोच तांदूळ एक-एक किलोच्या पाकिटात घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरला की हिशोब बदलतो. आपण वापरतो त्या खोक्याला शिवण नसते. तिथे सगळी भिस्त चिकटपट्टीवर, म्हणजे आपण जिला टेप म्हणतो तिच्यावर.

हा विषय कृषी खात्याच्या माणसाने कशाला काढला, असं काही जण म्हणतील. कारण सांगतो, आणि त्यात माझीही चूक आहे.

सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका बचत गटाने मुंबईच्या एका प्रदर्शनासाठी चिन्नोर पाठवला. आठ खोकी, प्रत्येकात २४ पाकिटं. पॅकिंगच्या दिवशी मी स्वतः गिरणीवर हजर होतो. बायांनी खोक्यांना वरून तीन-तीन पदर टेप लावली होती. "बरोबर आहे ना सायेब?" असं विचारलं, तर मी एक खोकं वरून थोपटलं आणि "एकदम पक्कं" म्हणालो. कोहमाऱ्याहून माल ट्रकने गेला. मुंबईत उतरवताना आठपैकी तीन खोक्यांची बुडं उघडली. पाकिटं फुटून तांदूळ ट्रकच्या फळीवर धुळीत मिसळला. गटाच्या अध्यक्षबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "आमी तं तीन डाव टेप मारली होती, मंग काऊन फुटलं?"

शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नावाच्या तांदळाला शहरात गिऱ्हाईक आहे, नुसतं धान विकण्यापेक्षा पाकिटात दोन पैसे जास्त सुटतात, म्हणून तर ही धडपड. ते दोन पैसे तीन खोक्यांच्या बुडातून गळून गेले.

फुटलेलं एक खोकं मी परत आणायला सांगितलं आणि उन्हात धरून पाहिलं. टेप कुठेही तुटली नव्हती. ती अख्खी निघून आली होती, आणि तिच्या गोंदाच्या बाजूला पिठासारखा बारीक कोंडा बसला होता. गिरणीतली हवाच कोंड्याची. खोकी दोन दिवस तिथेच पडून होती. गोंद पुठ्ठ्याला धरण्याऐवजी कोंड्याला धरून बसला. वरच्या तीन पदरांचं म्हणाल, तर पहिला पदर पुठ्ठ्याला चिकटतो, दुसरा आणि तिसरा टेपलाच. पहिला सुटला की तिन्ही सुटले. आणि बुडाला, जिथे २४ किलोचा भार येतो, तिथे एकच पट्टी होती, तीही कडेला नीट न दाबलेली. मी वरून थोपटलं होतं. खोकं उलटं करून पाहायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

आपण बाजारातून आणतो ती तपकिरी टेप साधारण ४८ मिलिमीटर रुंद असते. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि त्यावर गोंद. हलक्या खोक्याला ती पुरते. लावण्याआधी जागा कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नाही. पट्टी मधल्या फटीवरून घ्या आणि दोन्ही बाजूंना कडेखाली निदान चार बोटं उतरवा. नंतर अंगठ्याने जोर देऊन घासा. हा गोंद दाबानेच धरतो, हात फिरवून सोडून दिलं तर अर्धाच चिकटतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ताडपत्रीखालच्या ट्रकमध्ये गोंद नरम पडतो आणि ठासून भरलेलं खोकं पट्टीला हळूहळू सरकवतं. पावसाळ्यात उलट त्रास. पुठ्ठा हवेतलं पाणी पितो आणि त्याची ताकद अर्ध्यावर येऊ शकते. तेव्हा खोकी जमिनीवर नको, फळीवर ठेवा.

जड मालासाठी दुसरी पट्टी मिळते, धाग्याची. हिच्या पापुद्र्यात काचेचे बारीक धागे लांबीच्या दिशेने बसवलेले असतात. हाताने तोडून पाहा, तुटणार नाही, ताणलीही जाणार नाही. रोल तपकिरी टेपच्या कितीतरी पट महाग पडतो. त्यामुळे आपले लोक दुकानातूनच परत फिरतात, किंवा घेतली तर चुकीची लावतात. चूक कोणती ते नीट ऐका. पट्टीचा जोर धाग्याच्या दिशेने आहे, आडवा नाही. खोक्याच्या बुडाची फट उघडते ती आडवी ताणून. तुम्ही धाग्याची पट्टी फटीवर उभीच्या उभी लावली, तर धागे फटीच्या बाजूने पळतात आणि त्यांचा काहीच उपयोग होत नाही. पैसे गेले पाण्यात. म्हणून फट साध्या टेपने बंद करा आणि धाग्याचे तुकडे फटीला आडवे टाका, बुडावरून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चार-चार बोटं चढतील असे. २० किलोच्या खोक्याला दोन तुकडे बरे. असं मोजून लावलं तर एक रोल पुष्कळ खोक्यांना पुरतो आणि महाग वाटत नाही.

कात्रीने कापा. दाताने तोडायला जाऊ नका, काचेचे तूस ओठात जातात. उघड्या तांदळाजवळ तर ही पट्टी कापूच नका.

प्लास्टिकच्या विणलेल्या बोरीवर मात्र कोणतीही टेप भरवशाची नाही, तिथे शिवणच बरी. आपल्या तलावांतली मासळी बर्फ घालून थर्माकोलच्या पेटीत जाते, तिथेही एक गोष्ट सांभाळा. पेटी ओली झाल्यावर टेप चिकटत नाही. बुडाची आणि कडांची पट्टी बर्फ भरण्याआधी, पेटी कोरडी असतानाच लावून घ्या.

पाठवण्याआधी घरीच परीक्षा घेता येते. मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, १९६६ सालची. अशा प्रयोगशाळांत खोकं ठरावीक उंचीवरून एक कोपरा, तीन कडा आणि सहा बाजू असं दहा वेळा पाडून पाहतात. आपण कण्या भरून एक खोकं कंबरेच्या उंचीवरून पाडावं. फुटायचं असेल तर अंगणात फुटू द्या.

खोक्यात जागा रिकामी ठेवू नका, वरचं ओझं मग पुठ्ठ्यावर येतं. थप्पी लावताना खोक्यावर खोकं कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवा, कारण खोक्याची ताकद कोपऱ्यात असते. विटांसारखी सांधेमोड केली तर थप्पी हलत नाही, पण खालची खोकी लवकर दबतात. मोठे व्यापारी माल लाकडी पाटावर, ज्याला पॅलेट म्हणतात, रचून वरच्या थराला धाग्याच्या पट्टीचा वेढा देतात. आपल्याकडे सगळं हमालाच्या हातावर, आणि हमालाच्या हातात आकडा. पोत्याला आकडा लावायची त्याची सवय जुनी आहे. त्याला दोष देण्यापेक्षा खोक्यावर चारही बाजूंनी "आकडा लावू नये" आणि वजन किती ते ठळक लिहा. न वाचणाऱ्यासाठी आकड्याचं चित्र काढून फुली मारा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीतल्या मंडळींनी दुसरी बाजूही पाहावी, कारण गावात येणारा मालही खोक्यातूनच येतो. बिल्टीवर सही करण्याआधी पट्टी पाहा. एका टेपवर दुसऱ्या रंगाची टेप दिसली, तर खोकं वाटेत उघडलं गेलं असण्याची शक्यता आहे. वाहतूकदाराच्या माणसासमोर मोजा आणि जे कमी किंवा फुटकं असेल ते बिल्टीवरच लिहून मग सही करा. रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे नुकसानीसाठी दावा लावायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. आमच्या गटाने बिल्टी कोरीच सही करून दिली होती. पुढे बोलायला तोंड राहिलं नाही, "पॅकिंग कच्चं होतं" एवढं ऐकून गप्प बसावं लागलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही खोकं लहान घेतलं, १६ पाकिटांचं. खोकी गिरणीत न ठेवता अध्यक्षबाईंच्या पडवीत भरली. प्रत्येक खोकं उलटं करून बूड मी पाहिलं, या वेळी तोंडातून "पक्कं" काढलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला, "सायेब, एका खोक्याचा कोपरा दबला, पन दाना नाही सांडला." पुढे विचारलं, धाग्याचा रोल अर्धा उरला आहे, त्याचा खर्च याच खेपेत लिहायचा की पुढच्या.