ओटीपी कोणाची ओळख पटवतो? डेटिंग ॲप, मोबाईल नंबर आणि खासगीपणाविषयीचे गैरसमज

डेटिंग ॲपवर खाते उघडताना मोबाईल नंबर मागितला जातो आणि त्यावर ओटीपी, म्हणजे एकदाच वापरता येणारा आणि थोड्याच वेळात बाद होणारा सांकेतिक अंक, पाठवला जातो. या साध्या व्यवहाराभोवती दोन परस्परविरोधी समजुती रूढ आहेत. पहिली अशी की ज्याचा नंबर पडताळला गेला तो माणूस खरा असतो, आणि दुसरी अशी की नंबर एकदा दिला की तो ॲपवरच्या साऱ्या अनोळखी लोकांना दिसू लागतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोहोंचे मूळ एकच आहे: नंबरची पडताळणी हा खातेदार आणि कंपनी यांच्यातील व्यवहार आहे, त्यातून दोन खातेदारांना एकमेकांविषयी काहीही कळत नाही, हे लक्षात घेतले जात नाही.

ओटीपी बरोबर भरला गेला म्हणजे त्या क्षणी ते सिमकार्ड संबंधित व्यक्तीच्या हाताशी होते, किंवा त्यावर आलेला संदेश तिला वाचता येत होता, एवढेच सिद्ध होते. सिम कोणाच्या नावावर आहे याची कागदपत्रे दूरसंचार कंपनीकडे असतात. नुसता ओटीपी पाठवल्याने ती डेटिंग ॲपला दिसत नाहीत. भारतात बहुतेक राज्यांत एका व्यक्तीच्या नावावर ९ पर्यंत मोबाईल जोडण्या घेता येतात, घरातल्या एकाच्या नावावरचे सिम दुसरा सर्रास वापरतो, आणि दुसऱ्याच्या कागदपत्रांवर परस्पर सिम काढण्याचे गुन्हेही घडतात. अशा फसवणुकीने सिम मिळवणाऱ्याला दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करावी लागली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते. आपल्या नावावर किती जोडण्या चालू आहेत हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि अनोळखी जोडणीविषयी तिथेच तक्रार करता येते; ही सोय प्रत्येकाने एकदा तरी वापरावी.

मग कंपन्या नंबर मागतात कशासाठी? एकाच माणसाने शेकडो खोटी खाती उघडणे महाग पडावे, आणि ज्याला एकदा हाकलले तो त्याच नंबरवरून पुन्हा शिरू नये, हा त्यामागचा मुख्य हेतू असतो. तो रास्तही आहे. पडताळणी नसेल तर काय होते हे २०१५ मध्ये ॲशले मॅडिसन या विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या संकेतस्थळाची माहिती चोरीला गेली तेव्हा दिसले: नोंदणी करणाराच त्या ईमेल पत्त्याचा धनी आहे की नाही हे तिथे तपासले जात नव्हते, त्यामुळे ज्यांनी ते स्थळ कधी उघडलेही नव्हते अशांचे पत्तेही त्या यादीत असू शकत होते. छायाचित्राच्या पडताळणीची मर्यादाही अशीच आहे. टिंडर या डेटिंग ॲपने २०२० पासून आणलेल्या या पद्धतीत खातेदाराने तिथल्या तिथे काढलेला आपला चेहरा प्रोफाइलमधल्या छायाचित्रांशी ताडून पाहिला जातो आणि जुळल्यास निळी खूण मिळते. त्या खुणेमुळे छायाचित्र त्याच माणसाचे आहे असे मानायला आधार मिळतो. त्याचे नाव, नोकरी, वैवाहिक स्थिती आणि हेतू मात्र जसेच्या तसे अज्ञात राहतात.

नंबर सर्वांना दिसतो ही भीती मुख्य ॲपांच्या बाबतीत निराधार आहे. टिंडर किंवा बंबल यांच्या प्रोफाइलवर मोबाईल नंबर छापला जात नाही, आणि दोघांची पसंती जुळली तरी तो आपोआप समोरच्याकडे जात नाही. परंतु फोनमधली संपर्कयादी वाचण्याची परवानगी ॲपला दिली, तर त्या यादीतल्या प्रत्येकाचा नंबर त्याच्या संमतीवाचून कंपनीकडे जातो. ओळखीच्या लोकांना आपले प्रोफाइल दिसू नये म्हणून टिंडरने २०२१ मध्ये दिलेली सोय उपयुक्त आहे, पण त्यासाठी संपूर्ण यादी हवाली करण्याची गरज नसते. नको असलेले मोजके नंबर हाताने भरता येतात. यादी 'हॅश' करून, म्हणजे गणिती प्रक्रियेने मूळ अंक ओळखू येणार नाहीत अशा अक्षरमालेत बदलून, ठेवली जाते असा दिलासा अनेक कंपन्या देतात. पण भारतीय मोबाईल नंबर १० अंकी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता फार तर ४०० कोटी होतात, आणि तेवढ्या शक्यता एकामागून एक तपासून पाहणे आजच्या संगणकाला मुळीच अवघड नाही. त्यामुळे निव्वळ हॅश हे नंबरापुरते तरी कच्चे कुलूप आहे.

सर्वांत घातक गैरसमज मात्र 'नुसत्या नंबरवरून काय कळणार' हा आहे, आणि तो सुशिक्षितांमध्येही आढळतो. भारतात मोबाईल नंबर ही माणसाच्या जवळजवळ सर्व व्यवहारांना जोडणारी कडी झाली आहे. यूपीआय ॲपमध्ये एखादा नंबर टाकून पैसे पाठवण्याची पहिली पायरी गाठली की त्या नंबरशी जोडलेल्या खातेदाराचे नाव समोर येते, एक रुपयाही पाठवावा लागत नाही. पैसे चुकीच्या हाती जाऊ नयेत म्हणून ३० जून २०२५ पासून तर बँकेच्या दप्तरी असलेले नावच दाखवणे राष्ट्रीय भुगतान निगमने बंधनकारक केले आहे. पैसे पाठवणाऱ्याच्या दृष्टीने हा उत्तम नियम आहे, पण ॲपवर केवळ पाळण्यातले नाव सांगितलेल्या मुलीचा नंबर हाती आलेल्या माणसाला तिचे पूर्ण नाव आणि आडनाव त्यातून कळू शकते. ट्रूकॉलरसारखी सेवा तोच नंबर इतरांनी कोणत्या नावाने जतन केला आहे ते सुचवते, आणि तिथे 'अमुक दुकान, राजारामपुरी' अशी नोंद असेल तर पत्ताही हाती लागतो. व्हॉट्सॲपवरचे छायाचित्र 'सर्वांना' दिसेल असे ठेवले असेल तर चेहराही जुळवता येतो. शिवाय एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी ३० लाख खात्यांची माहिती मोबाईल नंबरांसह उघड्यावर आली, आणि त्यात भारतातली सुमारे ६० लाख खाती होती; नंबर बदलला नसेल तर ती माहिती अजूनही तितकीच खरी आहे. म्हणून खासगीपणाला खरा धोका ॲपने नंबर मागितला तेव्हा निर्माण होत नाही. तो संभाषण ॲपमधून व्हॉट्सॲपवर नेले जाते तेव्हा निर्माण होतो, कारण त्या क्षणी कंपनीपाशी असलेला नंबर अनोळखी माणसाच्या हाती जातो. 'इथे बोलायला नको, नंबर दे' हा आग्रह पहिल्या एक-दोन दिवसांतच होत असेल तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

या संदर्भात विवाह जुळवण्याच्या पारंपरिक रीतीकडेही पाहायला हवे, कारण डेटिंग ॲपला नाक मुरडणारी अनेक घरे तिथे अधिक मोठी जोखीम सहज पत्करतात. वधू-वर मेळाव्याच्या परिचय पुस्तिकेत आणि व्हॉट्सॲप गटांतून फिरणाऱ्या बायोडेटात जन्मतारीख, जन्मवेळ, देवक, मामाचे कूळ, शिक्षण, पगार, पत्ता आणि वडिलांचा मोबाईल नंबर एकाच पानावर असतो, आणि लग्न ठरल्यानंतरही ते पान फिरतच राहते. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढून वापरकर्त्याची ओळख तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. गटांतून फिरणाऱ्या बायोडेटाला असे कोणतेही बंधन नाही. त्यावर निदान पत्ता आणि जन्मवेळ न छापणे घरच्यांच्या हाती आहे.

कोल्हापूरसारख्या लहान शहरातल्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख, तर मुंबईची सव्वा कोटीच्या घरात होती. 'शिवाजी विद्यापीठ, भौतिकशास्त्र, रोज सकाळी रंकाळा तलावावर फिरायला' एवढ्या मजकुरावरून मुंबईइतक्या गर्दीत माणूस शोधणे कठीण जाईल, पण कोल्हापुरात तो दोन दिवसांत सापडतो, मग नंबर कितीही लपवलेला असो. ॲपवर दिसणाऱ्या अंतराचेही तसेच आहे. २०१४ मध्ये इन्क्लूड सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की टिंडर तेव्हा अंतराचा आकडा इतका नेमका पुरवत होते की तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तो आकडा घेऊन व्यक्तीचे जवळपास अचूक ठिकाण काढता येत होते. ती त्रुटी पुढे दूर झाली, तरी अंतर दाखवण्याची सोय बंद ठेवणे लहान शहरात शहाणपणाचे आहे.

लपवण्यासारखे काही नसेल तर एवढी काळजी कशाला, असा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी विचारतात. उत्तर असे की निवड उघड झाल्याची किंमत अनेकांना आजही मोजावी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले. त्याला शतक लोटले तरी जातीबाहेरचा जोडीदार निवडणाऱ्या मुलामुलींवर घरातून आणि भावकीतून येणारा दाब संपलेला नाही. समलैंगिक व्यक्तींच्या बाबतीत ओळख उघड करण्याची धमकी हेच खंडणीचे साधन बनते, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील सहमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले असले तरीही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो अशाच माणसांना सर्वाधिक लागतो. आपली निवड कधी, कोणाला आणि किती सांगायची हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यात लाजिरवाणे काहीही नाही.

सुरक्षेसाठी दिलेला नंबर केवळ सुरक्षेसाठीच वापरला जातो, हाही भाबडा समज आहे. खाते सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून घेतलेले नंबर आणि ईमेल पत्ते जाहिरातींचे लक्ष्य ठरवण्यासाठी वापरल्याबद्दल ट्विटरला मे २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. भारतात डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला असून ज्या हेतूसाठी संमती घेतली त्याच हेतूपुरता डेटा वापरावा, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

फोनवरून ॲप काढून टाकले की खाते संपले, असे समजणारेही पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ॲप काढल्याने फक्त फोनमधली जागा मोकळी होते. खाते सेटिंगमध्ये जाऊन स्वतंत्रपणे बंद करावे लागते, नाहीतर प्रोफाइल कंपनीकडे तसेच राहते. ॲशले मॅडिसन प्रकरणी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या खासगीपणा आयुक्तांनी केलेल्या चौकशीत तर पैसे भरून खाते समूळ पुसायला सांगितलेल्यांचीही काही माहिती १२ महिने ठेवली जात होती असे आढळले. नंबर बदलणाऱ्यांनी जुने खाते बंद करण्याचे काम आधी उरकावे. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले. म्हणजे त्यानंतर तो दिला जाऊ शकतो, आणि नवा धारक त्याच नंबरवरचा ओटीपी घेऊन जुन्या खात्यात शिरू शकतो.

ओटीपीने उघडणारे खाते ओटीपीइतकेच सुरक्षित असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये आनंद प्रकाश या भारतीय सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की टिंडर नंबर पडताळणीसाठी फेसबुकची जी प्रणाली वापरत होते, तिच्यातील आणि टिंडरमधील त्रुटींमुळे केवळ नंबर माहीत असला तरी खात्याचा ताबा घेता येत होता. दोन्ही कंपन्यांनी त्या त्रुटी दूर केल्या. आजचे धोके अधिक साधे आहेत. 'भेटण्याआधी सुरक्षा पडताळणी कर' म्हणून समोरचा माणूस बाहेरची लिंक पाठवतो आणि तिथे कार्डाचे तपशील, ओटीपी किंवा आधारचे छायाचित्र मागितले जाते. खरी पडताळणी ॲपच्या आतच होते, त्यामुळे समोरच्या खातेदाराने पाठवलेली अशी लिंक फसवीच समजावी. फोनचे नेटवर्क अचानक बराच वेळ गेले तर कोणी नंबरचे दुसरे सिम काढले नाही ना, हे दूरसंचार कंपनीकडे लगेच तपासावे.

तक्रार केली तर बदनामी होईल, या समजुतीवरच खंडणीखोराचा धंदा चालतो. धमकावून पैसे उकळणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली, तर तोतयेगिरीने फसवणे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, आणि महिलांविषयक काही तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नाव न देताही नोंदवता येतात. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही. पैसे देऊ नयेत, संभाषण पुसू नये, त्याची छायाचित्रे आणि समोरच्याचे यूपीआय तपशील जपून ठेवावेत, आणि पैसे गेले असतील तर १९३० या मदतक्रमांकावर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, फोन करावा.