‘पैसे धाड’पासून ‘आमचं काही नको’पर्यंत

मुलगा घर सोडून गेला, हे महाराष्ट्रातल्या घरांना काही आजचं नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी 1850च्या दशकात उभी राहिली आणि पुढची सव्वाशे वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातली (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता) आणि घाटावरच्या सातारा-कोल्हापूरकडची तरणी मुलं परळ-लालबागची वाट धरत राहिली. गावात राहत ते म्हातारे, बायका आणि लहान पोरं. मुलं लांब गेल्याने ओस पडणारी घरं आपण गेल्या तीस वर्षांतली गोष्ट समजतो. कोकणातल्या वाड्यांनी ती कित्येक पिढ्या आधी भोगली. जाणं तेव्हाही होतं. मागे राहिलेल्यांचं त्याविषयीचं बोलणं मात्र या काळात पार पालटलं, आणि त्याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

‘झील मुंबैक आसा’ हे मालवणी घरात सांगितलं जाई ते तक्रार म्हणून नव्हे. त्याचं जाणं हे घराचंच काम होतं. पोस्टाची मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली आणि गिरणगाव व गाव यांच्यातला सगळा व्यवहार पुढे तिच्यावर चालला. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर चार ओळी लिहायला जागा असे, तिथे खुशाली. गावाकडून जाणारं उत्तर बहुतेक शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं, आणि ते मागण्यांनी भरलेलं असायचं. पावसाआधी घर शाकारायचं आहे, पैसे धाड. बहिणीचं जमतंय, तजवीज ठेव. सावकाराचा माणूस दोनदा येऊन गेला. आणि शेवटी, गणपतीक येतलंस मा?

या मागणीला मी सोनं चढवणार नाही. एका खोलीत वीस-वीस जण, पाळी बदलली की अंथरुणातला माणूस बदलायचा, जेवण खानावळीत, आणि पगारातला मोठा वाटा गावी. कितीतरी जणांचं तारुण्य त्या चार ओळींच्या पत्रांनी खाल्लं. बायको गावी, आपण इथे, अशी आयुष्यं सरली. तरीही त्या मुलाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे: आपल्यावाचून तिथे अडतं. आईबापही ते बोलून दाखवायला लाजत नसत. मागण्यात कमीपणा आहे असं त्या घरांत कुणालाच वाटत नव्हतं, कारण मुलगा वेगळा झालेलाच नव्हता; तो लांब राहून घरातच होता.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि हे सूत्र तुटलं. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, तशा मनीऑर्डरीही थांबल्या. हजारो माणसं गावी परतली. ज्या घरांनी वर्षानुवर्षं ‘धाड’ म्हटलं होतं, त्यांना आता ‘ये’ म्हणावं लागलं. परत आलेल्या मुलाला वाढलेल्या भाकरीविषयी त्या काळात फारसं लिहिलं गेलं नाही. संपाचा इतिहास परळ-भायखळ्याचा म्हणून लिहिला गेला, त्यात गुहागर-कणकवलीची स्वयंपाकघरं आलीच नाहीत, याची मला खंत आहे.

मध्यमवर्गाची कहाणी दुसरीकडून सुरू होते. अमेरिकेने 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलला, राष्ट्रागणिक ठरवलेला जुना कोटा गेला आणि शिकलेल्या भारतीयांना दार उघडलं. पवईची आयआयटी 1958पासून इंजिनिअर घडवत होतीच. शिवाजी पार्क, पार्ले, सदाशिव पेठ, डेक्कन इथली मुलं साठीच्या अखेरीपासून जाऊ लागली. इथले वडील नोकरदार, पुढे पेन्शन, डोक्यावर स्वतःचं छप्पर. मुलाच्या डॉलरवाचून काही अडत नव्हतं. मग पत्रात मागायचं काय? निळ्या एरोग्रामवर आई लिहायची ती हवापाण्याचं, कुणाच्या मुंजीचं, कुणाच्या बदलीचं. आणि शेवटी, इकडची काळजी करू नकोस. पैसे मागण्याची गरज संपली तेव्हा मागण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तो स्वतः. ते मागणं म्हणजे मुलाच्या प्रगतीच्या आड येणं, असं या पिढीने मनाशी ठरवून टाकलं. ‘आमचं काही नको’ हे वाक्य मराठी घरात रुजलं ते इथे, असं मला वाटतं.

त्या काळच्या रंगभूमीने हे फार लवकर ओळखलं. 1970च्या डिसेंबरात आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने आईबापांना एक धडा दिला: सगळं वाटून टाकू नका, शेवटपर्यंत आपलं आपल्या हाती ठेवा. आजही मृत्युपत्राची गोष्ट निघाली की कुणीतरी त्या नाटकाचं नाव घेतंच. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ त्यानंतर थोड्याच वर्षांत आलं, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. नाना आणि नानीला मुलांनी घराबाहेर काढलेलं नाही. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. कुणी दुष्ट नाही. त्यांना हवी आहे ती बोलायला माणसं, आणि ती मागता येत नाहीत. विजया मेहता आणि माधव वाटवे यांनी उभं केलेलं ते जोडपं पाहून प्रेक्षक रडले. पण घरी जाऊन मुलाला ‘ये’ असं लिहिणारे त्यांत किती निघाले असतील?

1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जी गोष्ट मुंबई-पुण्याच्या मोजक्या घरांची होती ती कराड, सांगली, जळगाव, अमरावतीची झाली. जमिनीचा तुकडा विकून फी भरणारे बाप यात होते. पदवीनंतर मुलगा आधी पुण्याला, नव्वदीच्या अखेरीस संगणकाच्या लाटेवर आणखी पुढे. पिवळ्या एसटीडी बूथवर रात्री दर उतरल्यावर रांगेत उभं राहायचं, मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचं. त्या आकड्यांमुळे बोलणं आखूड होई आणि आखूड बोलण्यात मागणी बसत नाही. पुढे फोन स्वस्त झाले, फुकट झाले, चेहरा दिसू लागला. आता रोज बोलणं होतं, तासभरही होतं. सवय मात्र तीच राहिली: बरं आहे ना, आम्हीही बरे आहोत.

मुलींचा प्रवास या सगळ्याच्या नेमका उलट झाला.

लेक घर सोडून जाणारच, हे तिच्या जन्माआधीपासून ठरलेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यात आयांनी सासरी निघालेल्या लेकीविषयी जे गायलंय ते मराठीतलं या विषयावरचं सगळ्यात मोठं बोलणं आहे. आणि त्या लेकीकडून घ्यायचं मात्र काही नाही, असा दंडक. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न न घेणारे आईवडील अनेकांच्या आठवणीत असतील. द्यायचं, निरोप द्यायचा, आणि मागायचं नाही. 1987 साली सर्वोच्च न्यायालयापुढे कल्याणमधलं एक प्रकरण आलं: वडिलांनी डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे पोटगी मागितली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125व्या कलमात पुल्लिंगी शब्दयोजना आहे, तेव्हा ही जबाबदारी मुलाचीच, मुलीची नाही, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. आईवडील स्वतःचा निर्वाह करू शकत नसतील आणि मुलीची ऐपत असेल तर लग्न झालेल्या मुलीकडेही ते मागू शकतात. कोर्टात जावं लागलं यात आनंद मानण्यासारखं काही नाही. पण आईबापांनी मुलीकडे मागावं हे तोवर बोलायचीही चोरी होती, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उच्चारलं गेलं.

त्यानंतरच्या वर्षांत मुली शिकल्या, कमावू लागल्या आणि लग्न व्हायच्या आधीच नोकरीसाठी घराबाहेर पडल्या. पाठवणीचा सोहळा नाही, अक्षता नाहीत, एक सुटकेस आणि बसचं तिकीट. या जाण्याविषयी काय बोलायचं हे आईवडिलांना आधी उमगेना. ‘एकटी कशी राहणार?’पासून सुरुवात झाली. आज त्याच मुलीला विचारून वडिलांची अँजिओग्राफी ठरते, तीच मेडिक्लेमचे कागद बघते. मुलापाशी ‘आमचं काही नको’ म्हणणारी आई मुलीपाशी सांगते की जिना चढवत नाही. का? मला वाटतं, मुलीकडे मागण्याची जुनी सक्ती नव्हती, म्हणून तिथलं मागणं मोकळं राहिलं. मुलाकडच्या मागण्यावर हक्क, कर्तव्य, सून, वाटणी यांचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलं. मुलींवर हा नवा भार पडतो आहे, हेही सांगायला हवं. तो भावाबरोबर वाटून घेतला जातो अशी घरं अजून थोडी आहेत.

त्याच गावात राहून वेगळं होण्याचंही असंच. पूर्वी ‘धाकटा वेगळा निघाला’ हे वाक्य खाली आवाजात बोललं जाई, आणि दोष ठरलेला असे सुनेचा. 1998 साली ‘तू तिथे मी’ चित्रपट आला. त्यात म्हातारं जोडपं दोन मुलांत वाटलं जातं, आई एकाकडे, वडील दुसऱ्याकडे. तो घराघरांत पाहिला गेला. आता मुलाचं लग्न ठरण्याआधीच त्याच्यासाठी शेजारच्या इमारतीत फ्लॅट बघणारे आईवडील हे स्वतःहून, मोकळेपणाने सांगतात. ही मला या साऱ्या काळातली चांगली कमाई वाटते. तिथे दोघंही बोलून ठरवतात: रविवारचं जेवण कुठे, नातवाला शाळेतून कोण आणणार. मागणं दोन्हीकडून आहे.

अमेरिकेतल्या मुलांनी मागायला कधी संकोच केला नाही, हेही नोंदवायला हवं. बाळंतपणाला ये. मग डिंकाचे लाडू, आळीव, भाजणी, मेतकूट यांच्या बॅगा भरून आई निघते, पर्यटक व्हिसावर सहा महिने राहते, कडाक्याच्या थंडीत नातवाला न्हाऊमाखू घालते. त्या सहा महिन्यांविषयी आया भरभरून बोलतात, आणि त्याचं कारण नातवंडाच्या पलीकडचंही आहे. तिथे त्यांच्यावाचून अडलेलं असतं.

आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 साली केंद्राने वेगळा कायदा केला, प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करता येऊ लागला. गरजूंना त्याचा आधार आहे. पण ज्याला मुलाचा सहवास हवा आहे त्याने अर्ज कुणाकडे करायचा? 2020च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली तेव्हा हा प्रश्न अंगावर आला. त्या महिन्यांत कितीतरी आईवडिलांनी ताप लपवला आणि मुलांना तो शेजाऱ्यांकडून कळला. जिथे पुढे वाईट बातमी गेली, तिथल्या मुलांच्या तोंडी एकच वाक्य होतं: मला सांगितलं का नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 निघाला. एकुलतं एक मूल असलेल्या घरांची ही पिढी आता साठीकडे येते आहे. मुलगा नाही तर मुलगी, थोरला नाही तर धाकटा, अशी पर्यायांची सोय या घरांत नाही. लातूरला अकरावीसाठी किंवा पुण्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी मूल पोचवून परतणारे आईवडील आज ‘तू फक्त अभ्यास कर, घरचं आम्ही बघतो’ असं सांगून येतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते सांगणं बरोबर आहे. तिशीतल्या मुलालाही तेच सांगत राहिलं तर त्याला घरचं काही कळतच नाही, आणि मग तो बेपर्वा ठरतो.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या कट्ट्यांवर अलीकडे थोडं वेगळं ऐकू येतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, मुलाला म्हटलं, रजा काढून ये. असं सांगणाऱ्या बाईंना शेजारची विचारते, ‘आणि आला नाही तर?’ त्या म्हणतात, ‘नाही जमलं तर तसं सांगेल. पण मी बोलावलं होतं, हे तर त्याला ठाऊक राहील.’