आजोबांच्या पेटीतली पटाशी भंगारात देताय? आधी लाकूड आणि धार यांचं गणित समजून घ्या

माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात पडलेली सुतारकामाची पेटी अनेक घरांत असते. आत गंजलेल्या पटाश्या, दात बोथट झालेली करवत, एखादा रंधा आणि वाकस. रील्सवर लाकडी चमचे आणि कोरीव पानं बघून कुणीतरी ती पेटी खाली काढतं. हाताला लागेल तो सागाचा तुकडा घेतं आणि हातोड्याने पटाशी ठोकायला लागतं. अर्ध्या तासात लाकडाच्या चिरफळ्या निघतात, मनगट दुखतं आणि "हत्यारं जुनी झालीत" म्हणून पेटी भंगारवाल्याकडे जाते.

पण बहुतेक वेळा दोष हत्यारांचा नसतो. चुकीचं लाकूड आणि गेलेली धार एकत्र आली, की कुणाचंही काम बिघडतं. या दोन्ही गोष्टी घरच्या घरी सुधारता येतात.

पेटीत नेमकं काय आहे?

गावातला सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, तिफण, बैलगाडी, दारं-खिडक्या ही त्याची मुख्य कामं. त्यामुळे वारशाने आलेल्या पेटीत बहुतेक वेळा जोडकामाची आणि तासकामाची हत्यारं असतात, नक्षीकामाची कमी.

म्हणून आधी वाटणी करा. ६ ते २५ मिलिमीटर रुंदीच्या सपाट पटाश्या कोरीवकामाला चालतात. गोल पटाशी सापडली, तर ती सगळ्यात आधी बाजूला काढा. फळी सपाट करायला रंधा लागेल आणि तुकडे कापायला करवत. वाकस मात्र तूर्त पेटीतच राहू द्या. ते पायाच्या दिशेने चालवायचं हत्यार आहे, सवय नसलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. उरलेल्या गरजेपुरती एक गोल पटाशी आणि एक छोटी कोरायची सुरी विकत घेतली, की सुरुवातीला पुरतं.

कोणतं लाकूड घ्यावं?

लाकडी खेळण्यांसाठी ओळखली जाणारी गावं बघितली, तर उत्तर मिळतं. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळण्यांसाठी पांगारा वापरला जातो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणमध्ये काळ्या कुड्याचं लाकूड चालतं, तर आंध्रातल्या कोंडापल्लीत तेल्ला पोनिकीचं. तिन्ही ठिकाणी कामाची पद्धत वेगळी आहे, पण निवडलेलं लाकूड फिकट रंगाचं आणि हत्याराला फार अडवणार नाही असं आहे.

महाराष्ट्रात शिकणाऱ्यासाठी शिवण हा चांगला पर्याय आहे. हे लाकूड हलकं असतं, फारसं वाकत नाही आणि पटाशीला सहज साथ देतं. पांगारा त्याहून मऊ, पण त्यात बारीक नक्षीच्या कडा ढासळतात. आंबा मध्यम कठीण, मात्र त्याच्या रेषा कधीकधी दिशा बदलतात. साग टिकाऊ खरा, पण त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते धार लवकर खातात. शिसव सुंदर दिसतं, सहारनपूरचे कारागीर त्यावर अप्रतिम काम करतात, पण नवख्या हाताला ते फार कठीण.

वखारीत गेल्यावर सोपी परीक्षा करा. नखाने दाबा. हलकी खूण उमटली, तर लाकूड शिकायला योग्य. गाठी, चिरा आणि खोडाचा मधला गाभा असलेला तुकडा टाळा. प्लायवूड आणि एमडीएफ कोरीवकामासाठी नाहीतच. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर 'एमबी' हा इंग्रजी शिक्का असेल, तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ते लाकूड घरात आणू नका.

लाकूड सुकलंय हे कसं ओळखायचं?

फळी सुकायला दर इंच जाडीमागे साधारण एक वर्ष लागतं, असा ढोबळ हिशोब आहे. घरी तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. दर आठवड्याला तुकड्याचं वजन लिहून ठेवा. वजन कमी व्हायचं थांबलं, की लाकूड सुकलं असं समजा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सुकलेलं लाकूडही हवेतला ओलावा परत ओढून घेतं. ओलं लाकूड टोकांकडून तडकतं, म्हणून दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट लावून ठेवतात.

मऊ लाकडाला धार कमी लागते का?

उलट, जास्त लागते. कठीण लाकडाचे तंतू पटाशीसमोर ताठ उभे राहतात, त्यामुळे ते कापले जातात. मऊ लाकडाचे तंतू बोथट धारेखाली आधी दबतात आणि मग फाटतात. म्हणूनच "लाकूड मऊ घेतलं, तरी काम खडबडीत येतं" अशी तक्रार असते. तिथे लाकूड बदलून उपयोग नाही, धार लावायला हवी.

जुन्या पटाशीला धार कशी लावायची?

सगळ्यात आधी एक धोका. जुनी पटाशी थेट ग्राइंडरवर धरू नका. लोहाराने पोलादाला पाणी देऊन, म्हणजे तापवून, थंड करून, ते कठीण केलेलं असतं. ग्राइंडरवर पातं तापलं, की साधारण २२० अंश सेल्सिअसला पिवळसर दिसतं आणि ३०० अंशांच्या आसपास निळं पडतं. निळं पडलं म्हणजे तिथलं पाणी उतरलं. मग धार लावली तरी टिकत नाही. पन्नास वर्षं चाललेलं हत्यार असं काही सेकंदांत वाया जातं.

त्याऐवजी हे करा:

१. वरवरचा गंज बारीक स्टील वूल आणि मशिन ऑइलने घासा. जास्त गंज असेल, तर फक्त पातं काही तास व्हिनेगरमध्ये बुडवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडं करून तेल लावा. मूठ भिजवू नका.

२. पटाशीची सपाट बाजू दगडावर घासून टोकाजवळचा एक-दोन सेंटिमीटर भाग आरशासारखा करा. तिथे गंजाचे खोल खड्डे असतील, तर तेवढा भाग हळूहळू घासून मागे न्यावा लागेल.

३. उतरती बाजू सुमारे २५ अंशांत दगडावर घासा. पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर जाणवली, की धार टोकापर्यंत पोचली.

४. ती खरखर काढायला चामड्याच्या पट्ट्यावर पातं फक्त मागे ओढा, पुढे ढकलू नका.

गोल पटाशी असेल, तर बाहेरची बाजू दगडावर गोलाकार फिरवा आणि आतली खरखर पेन्सिलीला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने काढा.

धार तपासायला अंगठा वापरू नका. मऊ लाकडाच्या टोकाकडचा, आडवा कापलेला भाग तासून बघा. पृष्ठभाग चकचकीत आला, तर धार बरोबर. पांढरे ओरखडे दिसले, तर पुन्हा दगडाकडे.

पहिलं काम कोणतं?

गणपतीची मूर्ती नको. सहा इंच लांब, चार इंच रुंद आणि एक इंच जाड फळीवर पिंपळाचं पान काढा. कडेने सरळ खाली काप घ्या, मग बाहेरची पार्श्वभूमी तीन-चार मिलिमीटर खाली उतरवा. फळी क्लॅम्पने टेबलाला घट्ट बांधा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. लोखंडी हातोड्याने लाकडी मूठ फुटते, त्यामुळे लाकडी मोगरी वापरा.

काम करताना लाकूड उसवायला लागलं, तर जोर वाढवू नका. मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवला की केस उभे राहतात, तसंच रेषांच्या उलट कापताना होतं. फळी फिरवा आणि दुसऱ्या बाजूने कापा. घासताना मास्क लावा. लाकडाची धूळ कॅन्सरला कारणीभूत ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलंय.

सगळं चकाचक करायचं का?

गरज नाही. धार आणि सपाट बाजू सोडून बाकीचं हत्यार फक्त स्वच्छ करून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तरी पुरे. पात्यावर ठोकलेला शिक्का किंवा मुठीवर कोरलेली अक्षरं घासून काढू नका. ती कुणाची आहेत आणि कोणतं हत्यार कशासाठी वापरलं जायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आताच विचारून घ्या. बोथट झालेली धार पुन्हा लावता येते, पण ही माहिती सांगणारं माणूस गेलं, की ती कुठेच मिळत नाही.