पासपोर्ट, व्हिसा आणि ग्रीन कार्ड : काही नेहमीचे प्रश्न

वरच्या वर्गांत "पुढे काय करणार?" असा प्रश्न विचारला असता येणाऱ्या उत्तरांत अमेरिकेचे नाव हल्ली हटकून येते. कोणाचा मामा तेथे नोकरीस असतो, कोणाची थोरली बहीण तेथे शिकत असते, तर कोणाची आजी नातवंडाच्या बारशासाठी नुकतीच जाऊन आलेली असते. आम्हा गोमंतकीयांच्या बोलीत "तो भायर आसा" एवढे म्हटले की सारे सांगून झाले असे आपण समजतो. परंतु तो बाहेर आहे तो कोणत्या नात्याने? पाहुणा म्हणून, विद्यार्थी म्हणून, नोकरदार म्हणून, कायमचा रहिवासी म्हणून, की तेथील नागरिक म्हणून? कायद्याच्या दृष्टीने या अवस्थांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या घरांतून मात्र त्या सर्व "व्हिसा" या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात, आणि या घोटाळ्याची किंमत चांगल्या शिकल्यासवरल्या कुटुंबांनाही मोजावी लागते. म्हणून वारंवार विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांचा येथे ऊहापोह करावयाचे योजिले आहे. प्रत्येक देशाचा कायदा निराळा असल्यामुळे हे विवेचन मुख्यत्वे अमेरिकेपुरते आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पासपोर्ट आपले सरकार देते. "हा मनुष्य आमचा नागरिक आहे" अशी ती साक्ष होय. व्हिसा देणारा असतो तो ज्या देशात जावयाचे तो देश. गोवा किंवा महाराष्ट्र येथील अर्जदार सामान्यतः मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीस जातो. तेथे पुष्कळांना नकार मिळतो, आणि "कागदपत्रे तर सगळी होती, मग नाकारले का?" असे ते विचारतात. याचे उत्तर कायद्यातील एका गृहीतात आहे. पाहुणा किंवा विद्यार्थी म्हणून अर्ज करणारा प्रत्येक मनुष्य तेथे कायमचा राहावयास निघाला आहे असे तो कायदा आधीच धरून चालतो, आणि तसे नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर टाकतो. घरदार, शिक्षण, परत येण्याची कारणे यांविषयी अधिकारी प्रश्न विचारतो तो यासाठी. अशा वेळी खोटा दाखला किंवा फुगविलेले बँकेचे पुस्तक पुढे करण्याचा सल्ला देणारे महाभाग आपल्याकडे थोडे नाहीत. महत्त्वाच्या गोष्टीत असत्य सांगितल्याचे सिद्ध झाले, तर त्या देशाचे दार जन्मभर बंद होऊ शकते, हे मात्र ते सांगत नाहीत.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असेही नव्हे. दारापर्यंत जाऊन "आत येऊ का?" असे विचारण्याची ती अनुज्ञा आहे. आत घ्यावयाचे की नाही, आणि घेतल्यास किती दिवस, हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो व त्याची नोंद "आय-94" नावाच्या अभिलेखात करतो. विमानाने येणाऱ्यांची ही नोंद 2013 पासून संगणकावर ठेवली जाते, त्यामुळे हाती कागद पडत नाही आणि ती पाहावयाचीच राहून जाते. नेमकी येथेच बहुसंख्य घरांची फसगत होते. समजा, म्हापशाच्या एका आजीच्या पासपोर्टावर दहा वर्षांचा व्हिसा आहे. घरचे म्हणतात, "दहा वर्षांची परवानगी आहे, वर्षभर राहिली म्हणून काय बिघडले?" वस्तुतः ती दहा वर्षे दारावर येण्याची मुदत आहे. आत राहण्याची मुदत आय-94 मध्ये असते आणि पाहुण्यास ती बहुधा सहा महिन्यांची मिळते. ती संपण्यापूर्वी वाढवून मागता येते, पण मागावी लागते. न मागता एक दिवस जरी अधिक काढला, तरी तो व्हिसा रद्द समजला जातो. 1996 च्या कायद्यानुसार, 180 दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून जो देश सोडतो त्याला तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक राहून जो सोडतो त्याला दहा वर्षे पुनःप्रवेशास बंदी होते. सत्तरी गाठलेल्या आजीला दहा वर्षे नातवंडांकडे जाता येऊ नये, ही शिक्षा किती मोठी, हे सांगावयास नको.

याच्या उलट प्रकारही घडतो. एखाद्या विद्यार्थ्याचा व्हिसा शिक्षण चालू असताना संपतो आणि घरी रडारड सुरू होते. वास्तविक जोपर्यंत तो पूर्णवेळ शिकत आहे आणि विद्यार्थी या नात्याचे नियम पाळीत आहे, तोपर्यंत त्याचा तेथील वास वैध असतो. अडचण येते ती बहिणीच्या लग्नाला तो घरी आला म्हणजे. परत जाण्यासाठी त्याला नवा व्हिसा लागतो, आणि मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत सत्र सुरू होऊन जाते. विद्यार्थ्यांच्या नोंदीत ठरावीक तारखेऐवजी "शिक्षण चालू असेपर्यंत" अशा अर्थाची अक्षरे घालण्याची पद्धत अनेक वर्षे होती. ती मोडून निश्चित मुदत घालण्याचा प्रस्ताव तेथील सरकारने 2025 मध्ये मांडला. तेव्हा जाणाऱ्याने त्या त्या वेळचा नियम विद्यापीठाकडून समजून घ्यावा. विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्यास 20 तासांपर्यंत काम करता येते. ओळखीच्या दुकानात संध्याकाळी रोख पैशांवर केलेले काम मात्र विद्यार्थ्याचे ते नातेच संपुष्टात आणू शकते.

हे निर्बंध सनातन आहेत असे कोणी समजू नये. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हा व्हिसा हा प्रकारच त्यांच्या वाटेत नव्हता. 1917 च्या कायद्याने आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना बंदी झाली व तीत हिंदुस्थान आला. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने "गोरा" नसल्यामुळे नागरिक होण्यास अपात्र आहे असा निर्णय दिला आणि ज्यांना नागरिकत्व आधीच मिळाले होते अशा अनेकांचे ते काढून घेण्यात आले. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचताच मराठी वाचकाची दृष्टी थबकावी! ते स्वतः 1914 मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते. सरकारने त्यांच्यावरही खटला भरला, पण 1926 मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. पुढे 1946 च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला अवघ्या 100 जणांचा कोटा मिळाला. आजची व्यवस्था उभी आहे ती 1965 च्या कायद्यावर.

आता ग्रीन कार्डाकडे वळू. कायम वास्तव्याचा परवाना असे त्याचे स्वरूप आहे. 1940 च्या दशकापासून 1964 पर्यंत हे कार्ड हिरव्या रंगाचे असे. नंतर रंग बदलत गेले तरी नाव टिकले, आणि 2010 मध्ये कार्डही पुन्हा हिरवे झाले. ते मिळण्याचे मुख्य मार्ग दोन, नाते आणि नोकरी. नागरिकाची पत्नी वा पती, 21 वर्षांखालील अविवाहित अपत्ये आणि 21 वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाचे आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. इतरांना रांग आहे. भावाबहिणींची रांग तर दहा वर्षांहूनही लांब असते. येथे एक गोष्ट विशेषेकरून सांगावयास हवी. स्वतः केवळ ग्रीन कार्डधारक असलेला मुलगा आईवडिलांसाठी अर्ज करूच शकत नाही. त्यासाठी तो नागरिक झालेला असावा लागतो.

नोकरीच्या मार्गाने वर्षाला सुमारे 1,40,000 कार्डे दिली जातात. कामगाराची पत्नी व मुलेही याच संख्येत मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना यांतील 7 टक्क्यांहून, म्हणजे सुमारे 9,800 हून, अधिक साधारणतः मिळत नाहीत. भारतासारख्या अवाढव्य देशाला आणि आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाला मर्यादा एकच! परिणामी भारतीय अभियंत्यांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. येथे शब्द "जन्मलेल्यांना" असा आहे, "नागरिकांना" असा नाही, आणि आम्हा गोव्याच्या लोकांना हे समजून घेणे अगत्याचे आहे. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नात्याने येथील अनेक कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले. त्यामुळे अमेरिकेची रांग चुकेल असा समज सर्रास आढळतो. परंतु 1990 साली मडगावात जन्मलेल्या तरुणाच्या खिशात पोर्तुगालचा पासपोर्ट असला, तरी रांगेत तो भारताच्याच नावावर उभा राहतो. पती किंवा पत्नी दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या देशाच्या रांगेत जाता येते, एवढीच सवलत. ग्रीन कार्डाची जी सोडत काढली जाते तिचाही हाच नियम. 2026 सालच्या सोडतीतही भारत वगळलेला होता. तेव्हा "लॉटरीत तुमचे नाव लावतो" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. पोर्तुगीज पासपोर्टाचा उपयोग होतो तो अल्प भेटीपुरता. त्यावर व्हिसाशिवाय, संगणकावर आगाऊ मंजुरी घेऊन, 90 दिवसांपर्यंत जाता येते. ती मुदत मात्र वाढवून मिळत नाही.

या रांगेची खरी झळ लागते ती मुलांना. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या दांपत्याने तीन वर्षांची मुलगी बरोबर नेली अशी कल्पना करा. ती तेथील शाळेत वाढते, तिची भाषा, मैत्रिणी, खेळ सारे तेथलेच. वडिलांचा अर्ज मंजूर होऊन रांगेत पडलेला असतो. एके दिवशी तिला 21 वे वर्ष पूर्ण होते आणि कायद्याच्या हिशेबी ती वडिलांच्या अर्जातून गळते. अर्ज तपासण्यात सरकारने घालविलेला काळ वयातून वजा करण्याची सोय 2002 च्या कायद्याने केली आहे. पण अर्ज मंजूर झाल्यानंतर रांगेत घालविलेली वर्षे वजा होत नाहीत, आणि भारतीयांचा काळ जातो तो मुख्यतः रांगेतच. मग त्या मुलीने विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा, नाहीतर जो देश तिला आठवतही नाही त्या भारतात परतावे. लहान मुले घेऊन जाणाऱ्या पालकांनी हा हिशेब निघण्यापूर्वीच बोटांवर मोजावा, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. घराची किंमत आणि पगार आपण मोजतो. मुलाचे वय मोजावयाचे आपल्याला सुचत नाही.

ग्रीन कार्ड मिळाले तरी मनुष्य भारताचाच नागरिक राहतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असतो व तो वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो. तेथील राष्ट्रीय निवडणुकीत त्याला मत नाही. अजाणता मत दिल्यानेही देशाबाहेर काढले जाण्याचा प्रसंग ओढवतो. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी त्या नात्याने कार्ड मिळाले असेल, तर ते दोनच वर्षांचे, सशर्त असते. मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत उभयतांनी अर्ज करून अट उठवून घ्यावी लागते. कार्ड घेऊन येथे सुखाने वर्षानुवर्षे राहता येते हाही भ्रमच. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहावयाचे तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढावा लागतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो.

सामान्यतः पाच वर्षे, आणि नागरिकाशी विवाह झालेला असल्यास तीन वर्षे, कायम वास्तव्य झाल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेथे शपथ घेताच आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. जुना पासपोर्ट परत करावा लागतो आणि तो वापरीत राहणे हा गुन्हा ठरतो. अशांसाठी ओ.सी.आय. कार्डाची सोय आहे. त्याच्या इंग्रजी नावात नागरिकत्वाचा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यावर भारतात व्हिसाशिवाय हवे तितके येता व राहता येते, परंतु मत देता येत नाही किंवा निवडणूक लढविता येत नाही.

"मग वडिलांच्या जमिनीचे काय?" हा प्रश्न याच ठिकाणी हटकून येतो. ओ.सी.आय. धारकाला घर किंवा सदनिका विकत घेता येते. शेतजमीन वा बागायत मात्र विकत घेता येत नाही, की बक्षीसपत्राने स्वीकारता येत नाही. वारसाहक्काने ती त्याच्याकडे येऊ शकते. तेव्हा हयातीतच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाकू पाहणाऱ्या वडिलांनी आधी वकिलाला विचारावे. आणि वारशाने आलेली अशी जमीन पुढे विकावयाची झालीच, तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.